राणीची पाठ

धामणखेड्याच्या चौकातला चबुतरा चार वर्षं रिकामा होता. त्याच्यावर कुणी उभं असतं तर जेवढी भांडणं झाली नसती, तेवढी त्याच्या रिकाम्या असण्यानं झाली.

चबुतरा बांधताना गाव एक होतं. त्यावर कोण उभं राहणार हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. वरल्या आळीच्या मनात एक महापुरुष, खालल्या आळीच्या मनात दुसरा. दोघेही महापुरुष थोर आणि या भानगडीत काडीचाही दोष नसलेले. पण वरल्या आळीचा नरसिंग म्हणे, आमचे बसतील नाहीतर कुणीच नाही. आणि खालल्या आळीचा वसराम म्हणे, हेच आमचंही म्हणणं. या एका मुद्द्यावर दोघांचं कायम एकमत असे, म्हणून चबुतरा रिकामा. वर्षातून दोनतीनदा कुणीतरी सकाळी त्याच्यावर झेंडा लावी, दुसरं कुणी तो काढी, मग दुकानं बंद, हट्ट्याच्या ठाण्यातून पोलिसांची गाडी, शांतता समितीची बैठक, चहा, आणि पुन्हा झेंडा.

या सगळ्याचं इतिवृत्त लिहायचं काम ग्रामसेविका करुणाचं. सरकारनं मध्यंतरी तिच्या हुद्द्याचं नाव बदललं. गावानं 'मॅडम' म्हणायचं ठेवलं. सोमवारी पहाटेच्या बसनं ती हिंगोलीहून यायची, शनिवारी संध्याकाळी परत जायची, मधले दिवस भाड्याच्या एका खोलीत काढायची. नवरा पुण्याला कंपनीत. मुलगा प्रज्ञेश हिंगोलीत सासूजवळ. तो पाळण्यात होता तेव्हा ती या गावी रुजू झाली आणि आता येत्या जूनमध्ये तो पहिलीत जाणार होता. मधल्या काळात त्याचे दुधाचे दात आले, त्यातले दोन पडले. दोन्ही सोमवार ते शुक्रवारच्या दरम्यान. पहिलीच्या पहिल्या दिवशी मी तुला शाळेत सोडणार आणि मीच आणायला येणार, असं तिनं त्याला कबूल केलं होतं. लेकरांना कबूल केलेलं आणि सरकारी कागदावर सही केलेलं, दोन्ही सारखंच मानणारी ती बाई होती. म्हणूनच कदाचित इतकी थकलेली होती.

बदलीसाठी तिनं तीन अर्ज केले होते. पंचायत समितीतले साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागद बाजूला ठेवून सरळ सांगितलं, की मॅडम, त्या गावात दुसरं कुणी जायला तयार नाही. तो चबुतरा तेवढा मिटवा, मे महिन्यात तुमची हिंगोली पक्की.

चबुतरा मिटला तो डिसेंबरात, आणि तोही गमतीत.

चौकात नासेर सेठचं बियाणं-खताचं दुकान होतं. गाव बंद व्हायचं म्हणजे पहिलं शटर त्याचं पडायचं. त्याचा मुलगा उजैर इंग्लंडात एका गावच्या दवाखान्यात डॉक्टर. सुटीवर आला होता. दुकानाच्या ओट्यावर बसून तो मोबाइलमधले फोटो दाखवत होता. त्यात एक पुतळा निघाला. उंच बाई, कपाळाला पट्टा, खांद्यावरून पायापर्यंत शाल, समोर टेकवलेली तलवार. उजैरनं सांगितलं, की ही एथेलफ्लेड, तिथल्या जुन्या अँग्लो-सॅक्सन लोकांची राणी, अकराशे वर्षांपूर्वीची. नवरा वारला, मग हिनंच राज्य चालवलं, किल्ले बांधले, लढाया जिंकल्या.

ओट्यावर पुंजाजी बसले होते. वय पंचाहत्तर, कामधंदा काही नाही, आणि गावात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा शेरा पडल्याशिवाय ती घडली असं कुणी मानत नसे. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला.

"जात कोणची हिची?"

उजैरला ते माहीत नव्हतं. तिकडं तसं नसतं, असं तो चाचरत म्हणाला.

"हिचे भाऊबंद हाईत का आपल्याकडं? औंढ्याला, कळमनुरीला, कुठं?"

नाहीत, म्हणाला.

"मंग हीच बसवा," पुंजाजी म्हणाले आणि मोबाइल परत देऊन टाकला.

ओटा हसला. पण हसून झाल्यावर नरसिंगच्या चुलत्यानं सहज म्हटलं, की खालच्यांचा बसण्यापेक्षा ही परवडली. ते खालल्या आळीत पोचलं. खालल्या आळीनंही तोच हिशेब मांडला आणि बाकी तेवढीच निघाली. आपला जिंकावा यापेक्षा दुसऱ्याचा बसू नये ही इच्छा माणसात जास्त टिकाऊ असते. आठ दिवसांत गमतीचा ठराव झाला. पुतळ्याचा खर्च नासेर सेठनं उचलला. आमच्यात पुतळा बसवत न्हाईत, तो करुणाला म्हणाला, पण मॅडम, दुकान उघडं राहिलं पाहिजे. हा मी पुतळ्याचा न्हाई, शटरचा खर्च करून राहिलो.

परवानगीचा फॉर्म करुणानं खोलीवर बसून भरला. दोन किलोमीटरच्या परिघात याच व्यक्तीचा दुसरा पुतळा आहे काय? नाही, याबद्दल सगळ्या गावाची खात्री होती. कोणत्याही समाजाच्या भावना दुखावण्याची शक्यता? नाही. जयंती? इथं पेन थांबलं. उजैरनं पाठवलेल्या माहितीत जन्माची तारीख कुठंच नव्हती. मरणाची होती, बारा जून. शेवटी साहेबांनीच वाट सुचवली: पुतळा म्हणूच नका, चौक सुशोभीकरणाचं शिल्प म्हणा. शिल्पाला जयंती लागत नाही.

खाली लावायच्या पाटीचा मजकूरही तिनंच लिहिला. उजैरनं फोनवर बजावलं, की तिला तिथले लोक राणी म्हणत नसत, 'मर्सियाची बाई' म्हणत. मर्सिया म्हणजे तिचं राज्य. सरपंच जनकाबाई शेजारी बसल्या होत्या. राखीव जागेवर निवडून आलेल्या, अक्षरओळख बेताची, पण कुठल्या कागदावर अंगठा नेऊ नये याची जाण पक्की. त्या म्हणाल्या, बाई म्हणा का राणी म्हणा, गावगाडा वढायचं काम तेच की. पाटीवर 'राणी' लिहिलं गेलं. मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र करुणाच्या डोक्यात बसली. राणीला एकच मुलगी होती. राणी दरवर्षी नव्या ठिकाणी किल्ला बांधायला जायची. त्या वेळी मुलगी कुणाजवळ असायची, हे उजैरच्या माहितीत लिहिलेलं नव्हतं. तिनं एकदा फोनवर विचारलंही. उजैर म्हणाला, असेल कुणीतरी, सासूबिसू.

मार्चमध्ये, हळद शिजवायची धांदल चालू असताना, फायबरची राणी टेम्पोतून आली. कलीम मिस्त्रीनं ती चबुतऱ्यावर उभी केली. कलीम वेल्डिंगचा माणूस. हळदीचे कुकर, पॉलिशचे ड्रम दुरुस्त करणं हा त्याचा खरा धंदा. त्यानं राणीचं तोंड वरल्या आळीकडं केलं, कारण टेम्पो त्या बाजूनं आला होता. एवढंच कारण.

दुपारपर्यंत वसराम ग्रामपंचायतीत येऊन बसला. शांतपणे बसला, हेच वाईट होतं. म्हणाला, मॅडम, राणी कुणाची न्हाई हे बराबर. पण पाठ आमच्याकडं काहून?

आता पुतळा म्हटला की त्याला पाठ असणार. हा विचार चार वर्षांत, शांतता समितीच्या इतक्या बैठकांत, कुणाच्याही मनात आला नव्हता. कलीमनं बोल्ट काढून राणी खालल्या आळीकडं वळवली. संध्याकाळी नरसिंग आला. मग ती नासेर सेठच्या दुकानाकडं वळवायचं ठरलं, तर सेठ हात जोडून उभा. आज तोंड इकडं केलं तर उद्या दोन्ही आळ्या मिळून म्हणतील, पैसे दिले म्हणून राणी घेतली. राहिली चौथी बाजू, हिंगोलीचा रस्ता. तिकडं कुणाचंच घर नाही. तिकडं तोंड केलं. दोन दिवस गाव गप्प राहिलं आणि तिसऱ्या दिवशी वरल्या आळीच्या लक्षात आलं, की खालली आळी राणीच्या उजव्या हाताला आली, आपण डाव्या.

"डावीकडं नोकर उभे राहतात," नरसिंग म्हणाला.

"डावीकडं काळीज राहते," पुंजाजी म्हणाले. पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

एप्रिल लागला होता. साहेबांचा फोन आला, की बदल्यांची यादी तयार होऊन राहिली, तुमचं काय झालं? करुणा चौकात उभी होती. वर राणी, खाली कलीम, पुन्हा बोल्ट सैल करत. त्याच्या हाताला ग्रीस लागलं होतं. तो वर न बघता म्हणाला, मॅडम, हे असं बोल्ट काढघाल करण्यापेक्षा हिला फिरतीच करून टाकतो. पॉलिश ड्रमचं एक बेरिंग आहे माझ्याकडं. वीस क्विंटल हळद फिरवते ते, ही तर फायबरची.

त्यानं ते केलं. राणीच्या पायाखाली हळदीच्या ड्रमचं बेरिंग बसलं, त्याला एक कुलूप, आणि फिरवायला हातभर लांब लोखंडी पाना. दर गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, राणी पाव फेरा फिरणार. एक आठवडा वरली आळी, एक दुकानांची बाजू, एक खालली आळी, एक हिंगोलीचा रस्ता. दुकानांच्या पाळीला सेठचीही हरकत उरली नाही, कारण पाळी चौघांचीच होती. फिरवणार कोण, यावर वाद झालाच नाही. दोन्ही आळ्यांनी एकदम मॅडमकडं पाहिलं. मॅडम परगावची, मॅडमचं गावात कुणी नाही. पाना तिच्या कपाटात राहील, आणि फिरवल्याची नोंद एका वहीत होईल: तारीख, बाजू, सही.

पहिल्या गुरुवारी अर्धं गाव जमलं. करुणानं पान्याला जोर दिला, बेरिंग कुरकुरलं, आणि तलवार घेतलेली ती बाई गावावरून नजर फिरवत हळूहळू वळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या गुरुवारी वीसेक माणसं होती, पण दोन्ही आळ्यांचा एकेक माणूस दोरी घेऊन उभा होता, राणी नाकासमोर सरळ उभी राहिली की नाही हे मोजायला. मे महिन्यात एकदाही पोलीस गाडी आली नाही. नासेर सेठचं शटर एकदाही पडलं नाही. आणि तीस मेला करुणाच्या बदलीचा आदेश निघाला. हिंगोलीजवळचं गाव, घरून अर्ध्या तासावर.

तिनं आदेश दोनदा वाचला, मग घडी करून पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवला. प्रज्ञेशला फोनवर सांगितलं, तर त्यानं विचारलं, की आता सोमवारी पण तू घरी असशील? ती म्हणाली, असेन. मंगळवारी? मंगळवारी पण. त्यानं रविवारपर्यंत सगळे वार विचारून घेतले.

निरोप समारंभ बारा जूनला ठेवला. त्याच दिवशी राणीची पुण्यतिथी. एका मांडवात, एका भोंग्यावर दोन कार्यक्रम उरकतील, असा विचार. शिवाय गुरुवार होता. साहेब प्रमुख पाहुणे. त्यांच्या जीपमधून करुणा हिंगोलीला जाणार होती, म्हणून सकाळीच कलीमनं तिच्या दोन बॅगा, शेगडी आणि गुंडाळलेली गादी जीपमध्ये मागं नेऊन ठेवली होती.

राणीला दोन हार पडले, दोन्ही आळ्यांचे, सारख्या लांबीचे. साहेब बोलले. नरसिंग बोलला, वसराम बोलला. दोघांनीही मॅडमनं गावाची घडी बसवून दिली असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. करुणाला शाल दिली, नारळ दिला. तिनं पिशवीतून पाना काढला, ताटात ठेवला, वर फुलं टाकली आणि ते ताट जनकाबाईंपुढं धरलं.

जनकाबाईंनी हात पुढं केला.

"थांबा," मांडवाच्या कडेनं पुंजाजी म्हणाले. "जनकाबाईचं घर कुठं हाय?"

कुठं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. वरल्या आळीत. जनकाबाईंनी हात मागं घेतला.

मग नावं निघाली. नासेर सेठ म्हणाला, मी नको, माझं दुकान आहे. कलीमचं नाव आलं, तर खालच्यांनी सांगितलं, की कलीम नरसिंगचे ड्रम दुरुस्त करतो. वरच्यांनी सांगितलं, की वसरामचे उधारीत करतो. नवे ग्रामसेवक कधी येतील, असं साहेबांना विचारलं. साहेबांनी डोकं खाजवलं. जागा भरायला वेळ लागेल, म्हणाले. पुंजाजींचंही नाव कुणीतरी घेतलं. त्यावर पुंजाजी म्हणाले, की मी फिरवीन, पण मी कधी मरीन त्याची तारीख फॉर्मवर कोण भरील?

कुणी हसलं नाही. मांडवात शांतता पसरली, आणि करुणानं ती ओळखली. चार वर्षं ऐकलेली, झेंडा लागण्याच्या आधीची शांतता.

वसराम उठला. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, मॅडमला जाऊ देऊ नये, असं आपलं म्हणणं आहे. सूचक मी.

आणि धामणखेड्याच्या इतिहासात पहिल्यांदा नरसिंग त्याच्या मागोमाग उठला. अनुमोदक मी, म्हणाला.

साहेब खुर्चीत पुढं सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आणि ओशाळेपणा दोन्ही एकदम आले आणि कुठला राहू द्यावा हे त्यांना कळेना. हळू आवाजात ते करुणाला म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं नोकरी झाली. असा ठराव मी पाह्यला न्हाई. आता मी काय करू, सांगा तुमीच."

साहेब काय करणार हे तिला सांगायची गरज नव्हती. गाव शांत राहिलं तर त्यांची निवृत्ती शांतपणे होणार होती. बदली स्थगित करायला एक ओळ पुरते. आणि ठराव लिहायचा कुणी? सचिव तीच. इतिवृत्ताची वही मांडवातच होती. ती आज नव्या माणसाच्या नावानं कोरं पान सोडून बंद करायची, म्हणून तिनंच सोबत आणली होती.

ती खुर्चीवर बसली. वही उघडली. नियमाप्रमाणे विचारायचं असतं म्हणून विचारलं, विरोधात कुणी आहे का. विचारताना तिनं मांडवाकडं पाहिलं नाही, जनकाबाईंकडं पाहिलं. तिच्या खोलीवर आजारपणात भाकरी घेऊन येणारी गावातली ही एकच बाई. प्रज्ञेशचे दात कधी आले, कधी पडले, हे हिला ठाऊक होतं. एक हात वर झाला असता तर 'सर्वानुमते'चं 'बहुमताने' झालं असतं, आणि तेवढ्या फटीतून साहेबांना आदेश कायम ठेवता आला असता.

जनकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"लई दिवसांनी गाव नीट निजून राह्यलं, मॅडम," त्या म्हणाल्या. "मला न्हाई व्हत."

करुणानं मान हलवली. त्या बाईचं घर याच गावात होतं, आणि झेंड्याच्या वेळी दगड पडत ते तिच्याच पत्र्यावर. करुणानं लिहिलं: विषय क्रमांक दोन. सूचक, श्री. वसराम. अनुमोदक, श्री. नरसिंग. ठराव सर्वानुमते मंजूर. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं. शाल खांद्यावरून घसरत होती, ती तिनं घडी करून टेबलावर ठेवली. परत घ्या, असं ती म्हणाली, तर कुणी घेईना. आणलेली शाल परत नेत नाहीत म्हणाले.

सोमवारी शाळा उघडणार होती. तिनं साहेबांकडं त्या एका दिवसाची रजा मागितली. साहेबांनी ती लगेच दिली; अगदी भरभरून दिली, पाहिजे तर दोन घ्या म्हणाले. तिनं एकच घेतली. मंगळवारचं त्याला काय सांगायचं, हे ठरवायला तिला जातानाच्या बसमध्ये अडीच तास मिळणार होते.

मांडव उठला तसे लोक घरी न जाता चौकात थांबले. गुरुवार होता, राणी फिरवायची राहिली होती. गेला आठवडा खालल्या आळीचा. आज हिंगोलीच्या रस्त्याची पाळी. करुणानं ताटातली फुलं बाजूला करून पाना उचलला, कुलूप काढलं, जोर दिला. हारांसकट राणी वळली. दोरीवाल्या दोघांनी दोन बाजूंनी पाहिलं. एक म्हणाला, जरासं इकडं. तिनं जरासं इकडं केलं. दोघंही म्हणाले, बराबर. राणी आता हिंगोलीकडं बघत होती. करुणानं वहीत तारीख घातली, बाजू लिहिली, सही केली.

रस्त्याच्या कडेला जीप उभी होती. कलीम तिच्या मागून गादी, शेगडी, एकेक बॅग खाली उतरवत होता. साहेब पुढं बसून मोबाइलमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखे करत होते. जीप गेली. कलीमनं सामान ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नीट रचलं आणि हात पुसत तिथंच रेंगाळला.

"मॅडम, बेरिंगला ग्रीस भरावं लागते," तो म्हणाला. "आत्ता भरू, का दिवाळीला?"

करुणानं पाना भिंतीला टेकवून ठेवला.

"दिवाळीला भरा," ती म्हणाली. "मी आहे."